एका अवघड विशेषणाविषयीं

इंग्रजी भाषेंत कांहीं विशेषणें अशीं आहेत कीं, जन्मभर इंग्रजी वाचणाऱ्या मनुष्यालाहि तीं दोनचार वेळांपलीकडे भेटत नाहींत. ‘अमिग्डलॉइडल’ हें त्यांपैकीं एक होय. हा शब्द फळ्यावर लिहिला कीं पुढील बाकांवरचे विद्यार्थी त्याचीं अक्षरें मोजूं लागतात (इंग्रजींत तीं बारा भरतात) आणि मागील बाकांवरचे खिडकीबाहेर पाहूं लागतात. अर्थ मात्र अगदीं साधा आहे. जो खडक बदामाच्या आकाराच्या लहानमोठ्या खड्यांनीं भरलेला असतो, त्याला हें विशेषण लावतात. असा खडक पाहण्यासाठीं विसरवाडीच्या विद्यार्थ्याला परदेशीं जावयास नको. नव्या विहिरीच्या कांठीं दगडांचा जो ढीग पडलेला असतो, त्यांत काळसर किंवा तांबूस दगडावर पांढरे ठिपके दिसले, तर तोच तो.

प्रथम शब्दाचें अंग फोडून पाहूं. ‘अमिग्डले’ हा ग्रीक भाषेंत बदामाचा शब्द. ‘ऑइड’ हा मधला भाग ‘एइडोस’ म्हणजे रूप, आकार, या ग्रीक शब्दापासून आलेला. शेवटचा ‘अल’ हा लॅटिनकडून आलेला विशेषणाचा प्रत्यय. तीन तुकडे झाले आणि बागुलबुवा तेथेंच नाहींसा झाला. यांतील मधला तुकडा विशेष उपयोगाचा आहे. तो एकदां ओळखला म्हणजे दहा कुलुपांना लागणारी किल्ली हातीं येते. ‘ॲस्टेरॉइड’ म्हणजे ताऱ्यासारखा. गळ्यांतील ‘थायरॉइड’ या नांवांत ढाल आहे. खांद्यावरील ‘डेल्टॉइड’ स्नायूच्या नांवांत ग्रीकांचें ‘डेल्टा’ हें त्रिकोणी अक्षर आहे, आणि भूमितींतील ‘ट्रॅपेझॉइड’ मध्यें चक्क जेवणाचें मेज आहे. आपल्या मराठींतहि हेंच चालतें. ‘आकृति’, ‘आकार’, ‘सारखा’ हे आपले ‘ऑइड’ समजावे. शिवाय ‘लांबट’, ‘चपटा’, ‘निमुळता’, ‘पसरट’, ‘खोलगट’, ‘बसकट’ हे शब्द कोणत्याहि वस्तूचें नांव न घेतां आकार सांगतात, आणि नांव घेऊन सांगावयाचें झालें तर ‘नागमोडी’ आहे, ‘गोमुखी’ आहे, हळदकुंकवाची ‘कोयरी’ आहे. ज्या बाईनें कुंकवाच्या डबीला प्रथम कैरीचें नांव दिलें, तिनें केलें तें ग्रीक पंडितांनीं केलें त्याहून निराळें नव्हे.

बदामाचा प्रवासहि ऐकण्यासारखा आहे. ग्रीक ‘अमिग्डले’ लॅटिनमध्यें गेला, लोकांच्या तोंडीं झिजत झिजत फ्रेंचांत उतरला व शेवटीं इंग्रजींत ‘आमंड’ होऊन बसला. म्हणजे दुकानांतला ‘आमंड’ व भूगर्भशास्त्रांतला ‘अमिग्डलॉइडल’ हे एकाच घराण्यांतले. एक बाजाराच्या वाटेनें आला, दुसरा पंडितांच्या पाठशाळेंतून. आपला ‘बदाम’ फारसीकडून आला. संस्कृत वैद्यकांत त्याला ‘वाताम’ म्हणत. घशांतल्या दोन गांठींचें अरबी भाषेंतील नांव ‘दोन बदाम’ असेंच आहे. पुढें एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत बुरदाख या जर्मन शरीरशास्त्रज्ञानें मेंदूंतील एका लहानशा भागाला तेंच नांव दिलें : ‘अमिग्डला’. भीति वाटण्याच्या व्यापारांत या भागाचा मोठा वांटा असतो, असें अलीकडील संशोधनानें ठरलें आहे. तेव्हां परीक्षेच्या कागदावर ‘अमिग्डलॉइडल’ दिसतांच ज्या विद्यार्थ्याच्या छातींत धस्स होतें, त्याच्या मेंदूंत त्या वेळीं एक बदामच काम करीत असतो!

पवित्र शास्त्र वाचणाऱ्यांना येथें निर्गमाच्या पुस्तकांतील सोन्याचा दीपवृक्ष आठवेल. त्याच्या शाखांवरील वाट्या बदामाच्या फुलांच्या घाटाच्या असाव्या, असें तेथें सांगितलें आहे. मूळ हिब्रूंत त्यासाठीं बदामाच्या नांवापासूनच बनविलेला एक विरळा शब्द योजिला आहे, आणि तो त्या दीपवृक्षाच्या वर्णनाबाहेर सबंध शास्त्रांत कोठेंहि येत नाहीं. आकार सांगण्यासाठीं वस्तूच्या नांवाचेंच विशेषण करावें, ही युक्ति सोनाराच्या दुकानाइतकी जुनी आहे.

आतां दगडाकडे वळूं. सुमारें सहा कोटि साठ लक्ष वर्षांपूर्वीं जमिनीला पडलेल्या भेगांतून तप्त लाव्हा बाहेर आला, थरावर थर वाहत गेला व त्यापासून दख्खनचें पठार झालें. आजहि सुमारें पांच लक्ष चौरस किलोमीटर भूमि या खडकानें व्यापलेली आहे. त्या जुन्या भेगांच्या खुणा आपल्या धुळें-नंदुरबार भागांत अजून उभ्या आहेत. भेगेंतच गोठून राहिलेल्या लाव्हाच्या काळ्या भिंती बहुधा पूर्व-पश्चिम दिशेनें सरळ रेषेंत दूरवर गेलेल्या दिसतात. अभ्यासकांनीं त्या मोजल्या तेव्हां दोनशेंवर भरल्या. परक्या पाहुण्याला वाटावें कीं, कोणा राजानें कोट बांधावयास घेतला आणि अर्ध्यावर सोडून दिला.

लाव्हांत वायूचे बुडबुडे असतात. गुऱ्हाळांत कढईवर उभे राहिलेल्यांनीं उकळता रस पाहिला असेल. बुडबुडे वर येतात, फुटतात, पुन्हां येतात; पण पाक घट्ट होत आला कीं त्यांना फुटणें जड जातें. लाव्हांतील बुडबुडे तसेच थराच्या माथ्याकडे चढतात आणि तेथें अडकून राहतात. लाव्हा तर त्या वेळीं पुढें सरकत असतो. म्हणून गोल बुडबुडा ओढला जाऊन लांबट व निमुळता होतो. हाच तो बदामाचा सांचा. पुढें दगड निवल्यावर झिरपणारें ऊन पाणी आपल्याबरोबर विरघळलेलीं द्रव्यें आणतें व त्या रिकाम्या सांच्यांत सांठवितें. कोठें गारगोटी, कोठें अकीक, कोठें कॅल्साइट, आणि पुष्कळ ठिकाणीं ‘झिओलाइट’ नांवाच्या कुळांतलीं खनिजें. झिओलाइट हा शब्द १७५६ सालीं क्रोन्स्टेड या स्वीडनच्या खनिजशास्त्रज्ञानें घडविला. त्याचा अर्थ उकळणारा दगड. कारण तापविला असतां तो फसफसतो. याच कुळांतला ‘स्कोलेसाइट’ तापविला असतां किड्यासारखा वळतो, म्हणून त्याला किड्याच्या ग्रीक नांवावरून नांव मिळालें. पुण्याजवळचें वाघोली, नाशिक, जळगांव या बाजूंच्या दगडखाणींतून निघालेले असले स्फटिक जगांतील मोठमोठ्या संग्रहालयांत कांचेआड ठेवलेले आहेत. आपल्या सरहद्दीपलीकडे राजपिपळ्याच्या बाजूस रतनपूर येथें निघणारे अकीक खंबायतचे कारागीर शतकानुशतकें घांसून मणी करीत आले आहेत. तेहि मूळचे याच खडकांतले बदाम. आणि आमच्या मुलांनीं त्यांचे भाऊबंद रस्त्याच्या खडींत पायानें उडविलेले असतात.

या खडकाला इंग्रजींत ‘ट्रॅप’ म्हणतात. सापळा हा अर्थ येथें नव्हे, जरी उत्तरपत्रिकांत तो हटकून येतो. हा स्वीडिश भाषेंतील जिन्याचा शब्द आहे. कोंडाईबारीकडे जातांना म्हणा कीं सह्याद्रींत आणखी कोठें म्हणा, डोंगराच्या कुशीकडे नीट पाहावें : उभा कडा, मग उतार, पुन्हां कडा, पुन्हां उतार, अशा पायऱ्या पडलेल्या दिसतात. प्रत्येक थराचा मधला भाग घट्ट असतो, तो कड्यासारखा तग धरतो. माथ्याचा बदामांनीं भरलेला भाग त्या मानानें ठिसूळ, तो ऊनपावसानें लवकर झिजून उतरता होतो. म्हणजे जिन्याचें नांव आणि बदामाचें नांव एकाच लाव्हाच्या थरांतून निघालें. मला ही गोष्ट फार आवडते, आणि बाजारांत मिळणाऱ्या कोणत्याहि गाइडांत ती सांपडत नाहीं. कर्नल साइक्स यांचा दख्खनच्या भूरचनेवरील निबंध लंडनच्या भूगर्भशास्त्रीय मंडळानें एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत छापला. तेव्हांपासून आपल्या प्रांताच्या खडकांवर जो जो लिहावयास बसला, त्याला हें अवघड विशेषण वरचेवर लागत आलें आहे.

येथें पालकांपैकीं कित्येक जण मला थांबवितील. “मास्तर, परीक्षेंत शब्दाचें स्पेलिंग विचारतात, अर्थ विचारतात; त्याची जन्मपत्रिका कोण विचारतो? पोरगा घोकतो आहे तर घोकूं द्या.” या म्हणण्यांत कळकळ आहे, हें मी जाणतों. ज्यांनीं स्वतः शाळेची पायरी क्वचितच चढली, त्यांना इंग्रजी म्हणजे नोकरीच्या दाराची कडी वाटते, आणि ती मुलाच्या हातीं लवकर यावी असें वाटणें स्वाभाविक आहे. परंतु आमच्या मुलाची अडचण मुंबईच्या मुलाहून निराळी आहे. घरीं तो मावची, कोकणी किंवा भिली बोलतो. शाळेंत मराठी शिकतो. आणि मराठी अंगवळणी पडते न पडते तोंच इंग्रजी पुढें उभी राहते. शास्त्राच्या पुस्तकांतला इंग्रजी शब्द त्याला मराठींत समजावून सांगतात, व ती मराठीहि पुष्कळदां त्याच्या आईच्या तोंडची नसते. शब्द अशा रीतीनें दोनदां वेष पालटून त्याच्यापर्यंत पोंचतो, आणि वस्तु वाटेंतच राहते. इतर शब्दांचें एक वेळ चालेल. आकार सांगणाऱ्या शब्दाचें चालत नाहीं. कारण आकार डोळ्यांना व बोटांना कळतो. पिंपळाचें पान हातांत दिल्याशिवाय वनस्पतिशास्त्रांतलें ‘कॉर्डेट’ शिकविणें म्हणजे न पोहतां नदीचें वर्णन पाठ करणें होय.

दुसरे कांहीं याच्या उलट सांगतात : असले दुर्मिळ शब्द अभ्यासक्रमांतून काढूनच टाकावे, खेड्यांतल्या मुलांना ते कशाला? या दयाळूपणाची मला पहिल्या घोकंपट्टीपेक्षां अधिक भीति वाटते. ज्या खडकावर आमचीं घरें उभीं आहेत, ज्यांत आमच्या विहिरी खणलेल्या आहेत, त्या खडकाविषयीं जगांतले पंडित ज्या शब्दांत बोलतात, ते शब्द आमच्याच मुलांनीं ऐकूं नयेत, हा कोठला न्याय? दुसऱ्या कोणत्याहि गांवच्या मुलाला हा शब्द दूरचा असेल. आमच्या मुलाला तो दाराशीं आलेला पाहुणा आहे.

भाषांतराचा प्रश्न मात्र खराच अवघड आहे. ‘बदामाकृति’ म्हटलें कीं काम झालें, असें वाटतें. पण मराठी मुलाला फळ्यावर बदाम काढावयास सांगा. पुष्कळ मुलें पत्त्यांतला बदाम काढतील, म्हणजे इंग्रजांचें ‘हार्ट’! (पत्ते शाळेंत आणूं नयेत हा नियम कायम आहे, येथें केवळ भाषेपुरता त्यांचा उल्लेख.) गळ्यांतल्या सांखळींतला ‘बदाम’ही त्याच घाटाचा. खरा सुका बदाम पुष्कळ घरांत सणावारीं देखील दिसत नाहीं, तर झाडाचा म्हणून जो बदाम मुलें दगडावर ठेचून खातात तो ‘देशी बदाम’, निराळ्याच कुळांतला. ‘बदामी खडक’ म्हणावें तर ‘बदामी’ हा आपल्याकडे रंग आहे, आणि शिवाय कर्नाटकांत त्या नांवाचें गांव आहे, चालुक्यांची वातापी. तेथील प्रसिद्ध लेणीं वालुकाश्मांत कोरलेलीं. त्यांचा आपल्या लाव्हाच्या खडकाशीं संबंध नाहीं. संस्कृत ‘वाताम’ घेऊन कोणी नवा शब्द घडवील. पण तो घडविला तरी मुलाला एका अपरिचिताच्या जागीं दुसरा अपरिचित भेटणार. भाषा संचालनालयानें १९६० नंतर शास्त्राशास्त्रांचे परिभाषाकोश छापले, तें मोठें काम आहे व त्याविषयीं मला आदर आहे. तरी कोशांतला शब्द कोशांतच राहिला तर त्याचा उपयोग किती?

आणि गंमत अशी कीं, शब्द आधींच आहे. महाराष्ट्रांत विहिरी खणणारे लोक या खडकाला ‘मांजऱ्या’ म्हणतात. मुरूम, मांजऱ्या, काळा पाषाण : विहिरींत उतरणारा मनुष्य एकेका हातावर दगडाचा रंग व पोत पाहून हीं नांवें सांगतो. मांजऱ्या डोळे म्हणतों तोच हा ‘मांजऱ्या’. ग्रीकाला दगडांत बदाम दिसला, आमच्या माणसाला मांजर दिसलें! एकानें आकार धरला, दुसऱ्यानें रूप. या मराठी नांवाच्या पाठीशीं अनुभवाचा जो सांठा आहे, तो त्या बारा अक्षरांपाशीं नाहीं. मांजऱ्या लागला कीं पहार कशी चालेल, सुरुंग किती लागेल, झिजलेला व भेगाळलेला असेल तर पाण्याची आशा कितपत धरावी, हें सर्व तो एक शब्द उच्चारतांच खणणाऱ्याच्या मनांत उभें राहतें. कर्ज काढून विहीर खणणाऱ्या कुटुंबाला या शब्दाची किंमत काय, हें मीं सांगावयास नको.

माझें मत असें कीं, वर्गांत ‘अमिग्डलॉइडल’ शिकवितांना ‘मांजऱ्या’ त्याच्या शेजारीं, तितक्याच मोठ्या अक्षरांत, फळ्यावर लिहिला पाहिजे. हें न केल्यामुळें एक नुकसान होतें आणि तें गुणपत्रिकेवर दिसत नाहीं. मुलगा हळूहळू समजूं लागतो कीं, पुस्तकांतला शब्द म्हणजे ज्ञान आणि बापाच्या तोंडचा शब्द म्हणजे अडाणीपणा. सुट्टींत घरीं गेलेला विद्यार्थी विहिरीवर बापाला चुकीचा ठरवितो, व बाप गप्प बसतो. वास्तविक त्या दगडाकडे दोघांपैकीं बापानेंच अधिक वेळ पाहिलेलें असतें.

ज्यांना ‘मांजऱ्या’सारखे शब्द ग्राम्य वाटतात, त्यांनीं आपल्या थोर कोशकारांकडे पाहावें. मोल्सवर्थ यांनीं १८३१ सालीं आपला मराठी-इंग्रजी कोश छापला व कँडी यांच्या साहाय्यानें १८५७ सालीं त्याची दुसरी आवृत्ति काढली; तींत सुमारें साठ हजार शब्द आहेत. शेतकरी, कारागीर, बायका यांच्या बोलण्यांतले शब्द केवळ हलके म्हणून त्यांनीं फेंकून दिले नाहींत. त्याच कोशाचा संक्षेप बाबा पदमनजी यांनीं १८६३ सालीं शाळांतील विद्यार्थ्यांच्या सोयीचा असा तयार केला. परकी मनुष्य ज्या शब्दांना मान देतो, ते आपणच लपवावे हें विपरीत आहे.

एक इशारा मात्र देऊन ठेवतों. कारण व्युत्पत्तीचा नाद लागला कीं तोहि वाहवत नेतो. शब्दाचें मूळ म्हणजे शब्दाचा अर्थ नव्हे. या खडकांतले सगळेच खडे बदामासारखे नसतात. कित्येक वाटोळे असतात, कित्येक वेडेवांकडे, आणि थराच्या तळाशीं तर नळीसारखे उभे. तरी त्या सर्वांना नांव बदामाचेंच. तसेंच ‘ट्रॅप’ आणि ‘ट्रॅपेझॉइड’ कानाला भावंडें वाटतात, पण एक जिना व दुसरें मेज. त्यांचा सोयराहि एक नाहीं. मूळ पाहावें तें शब्द लक्षांत राहण्यासाठीं व वस्तूकडे नीट पाहण्यासाठीं. मुळावरून हट्ट धरण्यासाठीं नव्हे.

शाळेनें काय करावें हें विचाराल तर माझी मागणी फार लहान आहे. शास्त्राच्या वर्गांत एक फळी असावी व तिच्यावर गांवोगांवचे दगड ठेवावे. प्रत्येक दगडाखालीं एक चिठ्ठी, आणि चिठ्ठींत तीन नांवें : प्रथम घरच्या बोलींतलें, मग मराठींतलें, मग इंग्रजींतलें. पहिलें नांव पालकांनींच सांगितलें पाहिजे, कारण तें आम्हां शिक्षकांजवळ नाहीं. कोणाच्या आजोबांनीं विहिरी खणल्या असतील, कोणाची आई खडी फोडीत असेल. त्यांना विचारून यावें. दगड विहिरीच्या टाकलेल्या ढिगांतून घ्यावा, कड्यावर चढून फोडूं नये. पांढऱ्या खड्यावर चाकूचें टोंक ओढून पाहावें : ओरखडा उठला नाहीं तर गारगोटी किंवा अकीक. उठला, तर त्या जागेची थोडी पूड होईल, तिच्यावर लिंबाच्या रसाचे दोन थेंब टाकून डोळे जवळ नेऊन पाहावें. बारीक बुडबुडे आले तर तो कॅल्साइट. न आले तर बहुधा झिओलाइट, आणि तसा दगड मिळाल्यास मला अवश्य आणून दाखवावा.